डोपामिन काही टाकीत साठत नाही
वाचकांचे प्रश्न : मेंदू आणि वागणं

या महिन्याच्या पत्रांत एकच समजूत वेगवेगळ्या रूपांत आली आहे. आनंदाचं एक रसायन, शांततेचं दुसरं, रागाचं तिसरं. कमी पडलं की भरायचं, जास्त झालं की उपसायचं, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं. मेंदू तसा चालत नाही. रेणू तोच असतो, पण तो कुठे सुटला, कोणत्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या, तो रेणू पकडणाऱ्या जागेवर) बसला आणि किती वेळ टिकला यावर परिणाम ठरतो. खाली औषधांची नावं आणि आकडे आहेत ते समजून घेण्यासाठी. त्यावरून आपलं आपण औषध बदलू नये.

प्रश्न : सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतो. अभ्यासिकेत बसलो तरी दर दहा मिनिटांनी हात मोबाइलकडे जातो. मित्र म्हणतात, आठवड्यातून एक दिवस 'डोपामिन डिटॉक्स' कर. मोबाइल नाही, गाणी नाही, चमचमीत खाणं नाही. मेंदू 'रीसेट' होतो. खरंच होतो का?

उत्तर : डोपामिन हा मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारा एक रेणू. एका दिवसात त्याचं काही रीसेट होत नाही. आणि ते खरोखरच उपसून काढता आलं असतं तर तुम्ही अभ्यासिकेपर्यंत पोचलाही नसता. डोपामिन तयारच करू न शकणारे उंदीर शास्त्रज्ञांनी जनुकीय बदल करून निर्माण केले आहेत. अन्न समोर असूनही ते खात नाहीत, आणि लेव्होडोपा (ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो ते औषध) दिलं नाही तर काही आठवड्यांत मरतात. गंमत अशी, की साखरेची गोडी त्यांना कळते. आवड शिल्लक असते, ती मिळवण्यासाठी हालचाल करण्याची ओढ जाते. डोपामिनला 'आनंदाचं रसायन' म्हणणं म्हणूनच चुकीचं आहे.

मग ते करतं काय? १९९०च्या दशकात वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून याचं फार सुंदर उत्तर मिळालं. दिवा लागतो, मग तोंडात फळांचा रस येतो. सुरुवातीला रस आला की डोपामिनच्या पेशी उसळतात. दिव्यानंतर रस येतो हे माकड शिकलं, की त्याच पेशी दिव्याला उसळतात. रस आला तरी थंड. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचं स्पंदन नेहमीपेक्षा खाली जातं. म्हणजे या पेशी सुख मोजत नाहीत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. पुढे असंही दिसलं, की रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा वाट पाहतानाची त्यांची हालचाल सर्वांत जास्त असते.

आता रील्स बघा. पुढची चांगली निघेल की भंकस, सांगता येत नाही. ही अनिश्चितताच बोटाला पुढे ढकलते. शिवाय मोबाइल नुसता टेबलावर पालथा पडलेला असला तरी तोच तुमचा 'दिवा' झालेला असतो. त्यामुळे रविवारचा उपास सोमवारी कामाला येत नाही. शिकलेली सांगड तशीच असते, सोमवारी दिवा पुन्हा समोर येतो. खुणा रोज हलवाव्या लागतात. मोबाइल खिशात नको, बॅगेत नको; अभ्यासिकेच्या लॉकरमध्ये. घड्याळ मनगटावर बांधा, कारण 'वेळ बघायला' काढलेला फोन वेळ बघून परत जात नाही. नोटिफिकेशन कॉल सोडून सगळ्या बंद. मोबाइल बघायच्या दोन वेळा ठरवा, समजा दीड वाजता आणि सात वाजता, आणि त्या पाळा. पहिले काही दिवस हात खिशाकडे जाईलच. संकेत आहे पण बक्षीस नाही, हे मेंदू शिकतो, पण सावकाश. आणि मध्येच एकदा 'फक्त पाच मिनिटं' दिलीत तर पुन्हा निम्मी-निम्मी शक्यता उभी राहते.

अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक अभ्यासातही आणता येतो. चार तास लक्ष्मीकांत यांचं राज्यव्यवस्थेचं पुस्तक वाचत बसण्यात तो फरक जवळजवळ शून्य असतो. त्यापेक्षा चाळीस मिनिटं वाचन, मग मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतले दहा प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर आधी लिहून लगेच ताडून पाहायचं. चुकलेलं उत्तर तिथल्या तिथे कळलं तर ते लक्षात बसतं.

आणि रात्रीचा अमृततुल्य चहा. थकव्याची खूण देणारं अॅडिनोसिन मेंदूत दिवसभर साचतं. कॅफिन त्याच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि थकवा कळू देत नाही. थकवा घालवत मात्र नाही. कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. दहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन पहाटे तीनला रक्तात असतं. झोप लागली तरी उथळ लागते, आणि दिवसा केलेला अभ्यास पक्का होण्याचं काम झोपेतच होतं. चहा दुपारी चारच्या आत आटपा.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, निवृत्त बँक अधिकारी, कोथरूडला राहतात. चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. औषधांनी हाताचा कंप आणि चालणं बरंच सुधारलं. पण वर्षभरापासून ते शेअर बाजारात ऑप्शन्सचे सौदे करतात, लॉटरीची तिकिटं आणतात, रात्री दोन-दोन वाजता ऑनलाइन खरेदी करतात. आयुष्यभर पैन् पैचा हिशेब ठेवणारा माणूस. आई म्हणते, म्हातारचळ. तसंच समजायचं का?

उत्तर : नाही. आधी औषधांची यादी काढा. तीत प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल आहे का पाहा. ही डोपामिनची नक्कल करणारी औषधं आहेत, आणि तुम्ही लिहिलेलं वागणं हा त्यांचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० पार्किन्सन्स रुग्णांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, या गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांत जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वागणं यांपैकी किमान एक आवरेनासं झालेलं आढळलं. ती न घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होतं.

हे का घडतं ते घरच्यांनी समजून घेतलंच पाहिजे, कारण त्यावरून बापलेकींची भांडणं होतात. पार्किन्सन्समध्ये मध्यमेंदूतल्या 'सबस्टॅन्शिया नायग्रा' या काळसर पट्ट्यातल्या पेशी मरतात. तिथून हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या पुटामेन या भागाला डोपामिन पोचतं, म्हणून तिथे दुष्काळ पडतो. पण शेजारच्याच पेशीसमूहातून ओढ आणि बक्षिसाशी संबंधित भागाला, म्हणजे न्यूक्लिअस अॅक्युम्बेन्सला, जाणारा पुरवठा सुरुवातीची वर्षं बराचसा शाबूत असतो. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या मेंदूत जाते. तिला पत्ता देता येत नाही. हाताला पुरेसा पडणारा डोस ओढीच्या भागाला जास्त होतो. त्यातून प्रामिपेक्सोल डी-३ या रिसेप्टरला जास्त चिकटतं, आणि ते याच भागात भरपूर असतात.

वर माकडांच्या प्रयोगात आलेली गोष्ट इथे लागू पडते. अपेक्षित बक्षीस हुकलं की डोपामिन पेशींचं स्पंदन खाली जातं, आणि त्यातून 'हे पुन्हा करू नको' हा धडा मिळतो. हे औषध मात्र रिसेप्टरवर सतत बसलेलं असतं, त्यामुळे ती घट पोचत नाही. जिंकलेलं ठळक उमटतं, हरलेलं पुसट. वडिलांना तोटा आकड्यांत कळतो. तो अंगाला लागत नाही, एवढंच. बँकेतली शिस्त इथे मदतीला येत नाही याचं कारण हे आहे.

काय करायचं? सगळ्यात आधी, काय करायचं नाही ते. औषध एकदम बंद करायचं नाही. ही औषधं अचानक थांबवली तर घबराट, घाम, प्रचंड अस्वस्थता, औषधाची तलफ असा त्रास होतो. आणि लेव्होडोपा अचानक थांबवलं तर ताप, ताठरपणा आणि शुद्ध हरपणं इथवर जाऊन जिवावर बेतू शकतं. न्यूरॉलॉजिस्टना आठ-पंधरा दिवसांत भेटा, पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. जाताना एका कागदावर दोन रकाने करून न्या : डावीकडे कोणतं औषध कधी सुरू झालं, डोस कधी वाढला, उजवीकडे वागण्यातला कोणता बदल कधी दिसला. बहुतेक वेळा हा कागदच निदान करतो. डॉक्टर साधारणपणे ते औषध काही आठवड्यांत पायरीपायरीने कमी करून लेव्होडोपावर भर देतात. त्यात हालचाल थोडी मंदावू शकते, हे वडिलांना आधीच सांगा. खाणं आणि लैंगिक वागणं यांबद्दल डॉक्टरांनी थेट विचारावं असा आग्रह धरा. रुग्ण आपणहून सांगत नाहीत.

पैशांचं कुंपण त्याच आठवड्यात घाला, कारण डोस उतरायला वेळ लागतो. ब्रोकरकडे अर्ज करून ऑप्शन्सचा सेगमेंट बंद करता येतो. यूपीआयची दैनिक मर्यादा कमी करा, क्रेडिट कार्ड बंद, मुदत ठेवी आईबरोबर संयुक्त नावावर. हे सगळं वडिलांना विश्वासात घेऊन, आणि 'तुमचा दोष नाही, गोळीचा आहे' हे स्पष्ट सांगून.

काही गोष्टी जाता जाता. लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर किमान तासाभराने घ्यावं. डाळ, पनीर, दूध यांतल्या प्रथिनांपासून बनणारी अमिनो आम्लं आतड्यात आणि मेंदूच्या उंबरठ्यावर त्याच वाटेने जातात आणि औषध मागे पडतं. लोहाची गोळी असेल तर दोन तासांचं अंतर. आणि कोणी प्रेमाने कवचबीज चूर्ण आणून देत असेल, तर त्यात नैसर्गिक लेव्होडोपाच असतं. ते डॉक्टरांना न सांगता घेणं म्हणजे न मोजता डोस वाढवणं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण आणि कुटुंबीयांचा गट आहे. आईने तिथे जरूर जावं.

प्रश्न : सतत उदास वाटतं म्हणून आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये रक्तातलं सेरोटोनिन तपासून घेतलं. नॉर्मल आलं. तरी मनोविकारतज्ज्ञांनी एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅम दिलं. दहा दिवस झाले, फरक शून्य, उलट मळमळ. सेरोटोनिन नॉर्मल असताना गोळी का? – औंध

उत्तर : ती तपासणी तुमच्यासाठी निरुपयोगी होती. सेरोटोनिन हाही डोपामिनसारखाच निरोप नेणारा रेणू. शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात बनतं आणि रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) ते वाहून नेतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते ओलांडत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो, मुख्यतः मेंदूच्या देठातल्या रॅफे पेशींत. रक्ताचा आकडा त्याबद्दल काही सांगत नाही. ही तपासणी खरी उपयोगी पडते ती कार्सिनॉइड नावाच्या दुर्मीळ गाठीच्या संशयात. (केळ्यात सेरोटोनिन असतं म्हणून केळी खाऊन मन प्रसन्न होतं, हाही त्यातलाच प्रकार. केळी खावीत, केळी म्हणून.)

नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, हे समीकरणही आता टिकत नाही. २०२२ मध्ये जुन्या संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात असा सातत्यपूर्ण पुरावा मिळाला नाही. पण त्यावरून 'गोळ्या खोट्या' असा निष्कर्ष काढणं ही उलट्या बाजूची चूक. पॅरासिटामॉलने डोकं दुखायचं थांबतं म्हणून डोकेदुखी पॅरासिटामॉलच्या अभावाने होत नाही. मध्यम आणि तीव्र नैराश्यात या गोळ्यांचा उपयोग चाचण्यांमध्ये दिसलेला आहे.

गोळी घेतल्यावर काही तासांतच पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन वाढतं. मन सुधारायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. पेशींवर 'आता पुरे' असं सांगणारे रिसेप्टर असतात, ते या वाढीला सरावायला आणि पेशींच्या जोडण्या बदलायला तेवढा काळ जातो. मळमळ लवकर येते कारण आतड्यातले रिसेप्टर लगेच चाळवले जातात. बहुतेकांना ती एक-दोन आठवड्यांत ओसरते. गोळी जेवणानंतर घ्या. दहाव्या दिवशी सोडून देणारे पुष्कळ असतात, आणि 'आपल्याला गोळी लागू पडत नाही' असं आयुष्यभर सांगत राहतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, मग डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध हिच्याबरोबर न विचारता घेऊ नका. सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता वाढली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

रक्ताची तपासणी करायचीच तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ करा.

प्रश्न : दुचाकीवर कोणी कट मारला की डोकं फिरतं, आणि ऑफिसला पोचल्यावर तासभर तसंच राहतं. हा स्वभाव की रसायन? – हडपसर

उत्तर : स्वभावही रसायनातूनच बोलतो. मेंदूतला अमिग्डाला हा भाग धोका टिपतो, हायपोथॅलॅमस हा दुसरा भाग मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना निरोप देतो, अॅड्रिनॅलिन सुटतं. ते रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. मागून येणारं कॉर्टिसॉल मात्र प्रसंगानंतर वीस-तीस मिनिटांनी शिखरावर असतं. म्हणजे नेमके तुम्ही गाडी लावून खुर्चीत बसता तेव्हा. त्या अर्ध्या तासात वादाचा मेल लिहू नका. श्वास सोडायचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवा, मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, पाच मिनिटं. त्याने हृदयाचे ठोके उतरतात. आणि झोप मोजा. २००७ च्या एका प्रयोगात सुमारे ३५ तास जागं ठेवलेल्या तरुणांचा अमिग्डाला त्रासदायक चित्रांना झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त उसळला, आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी त्याची जोडणी सैल पडली.

प्रश्न : चिंचवडला मुलांसाठी 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन'चा वर्ग आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतात, आम्ही पाहिलं. नऊ वर्षांच्या मुलीला घालावं का?

उत्तर : घालू नका. मध्यमेंदू हा मेंदूच्या देठाचा जेमतेम दोन सेंटिमीटरचा भाग. नजर वळवणं, आवाजाकडे मान फिरवणं, बाहुली लहानमोठी करणं, जागं राहणं ही त्याची कामं. तो बंद असता तर तुमची मुलगी बेशुद्ध असती. पट्टीखाली नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि मुलं तिच्यातून खाली बघतात; म्हणूनच पुस्तक नेहमी छातीच्या खाली धरलेलं असतं. पुढच्या वेळी एक पुठ्ठा हनुवटीखाली आडवा धरा, किंवा पुस्तक कपाळाच्या वर धरा. वाचन थांबतं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशा दाव्यांना जाहीर आव्हानं दिली आहेत. फी जाते ते एक वेळ सोडा. मूल मोठ्यांच्या कौतुकासाठी खोटं बोलायला शिकतं आणि पकडलं जाण्याच्या भीतीत राहतं, हे नुकसान मोठं. बोटांच्या ठशांवरून 'डावा मेंदू की उजवा' सांगणाऱ्या चाचण्याही त्याच माळेतल्या. ठसे गर्भातच कायमचे ठरतात. मेंदू त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं घडत राहतो.

प्रश्न : आई ५८ वर्षांची, शाकाहारी, मधुमेहासाठी आठ वर्षं मेटफॉर्मिन, ॲसिडिटीची गोळी रोज. सहा-आठ महिन्यांपासून अबोल, चिडकी. परवा हळदीकुंकवात एका बाईंना तोंडावर नको ते बोलली आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. लपवून गोड खाते. स्मरणशक्ती मात्र ठणठणीत. कोणाकडे जावं?

उत्तर : न्यूरॉलॉजिस्टकडे. पण त्याआधी बी-१२ तपासा, कारण तुमच्या आईच्या बाबतीत ते कमी असण्याची तीन कारणं एकत्र आली आहेत. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळपास नसतं, मेटफॉर्मिनने त्याचं शोषण घटतं, आणि आम्ल दाबणाऱ्या गोळीमुळे ते अन्नातून सुटत नाही. पुण्यातल्याच २०४ प्रौढांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४७ टक्के लोकांत ते कमी आढळलं होतं. कमतरतेत चिडचिड, औदासीन्य, विसरभोळेपणा, तळपायाला मुंग्या येतात. पालेभाज्यांतलं फोलेट भरपूर असेल तर हिमोग्लोबिन चांगलं राहूनही हे होतं. रक्त देण्याआधी गोळ्या सुरू करू नका, आकडा फसवा येतो. २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता. २०० ते ३०० च्या मध्ये असेल तर मिथाइलमॅलॉनिक अॅसिड किंवा होमोसिस्टीन तपासतात. उपचार म्हणून बहुधा १,००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं किंवा तेवढ्याच ताकदीच्या रोजच्या गोळ्या देतात. नुसतं फॉलिक अॅसिड देऊ नये. रक्त सुधारतं, नसांचं नुकसान चालू राहतं. थायरॉइडही पाहून घ्या, आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठे डोकं आपटलं होतं का, तेही आठवा.

यातून उत्तर मिळालं नाही, तर फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचा विचार करावा लागेल. तो बहुतेकदा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो. कपाळामागचा आणि कानशिलाच्या पुढच्या बाजूचा भाग आक्रसत जातो. समोरच्याला काय वाटेल हे जोखणं आणि स्वतःला आवरणं तिथे घडतं. स्मृतीचा हिप्पोकॅम्पस आधी वाचलेला असतो, म्हणून नेहमीच्या स्मरणाच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळून आजार निसटतो. अनेकांची वर्षं 'सासू-सुनेचं पटत नाही' किंवा नैराश्याच्या उपचारात जातात. एमआरआयमध्ये कपाळामागचा भाग मुद्दाम पाहायला सांगा. तो सुरुवातीला साधा दिसू शकतो, तेव्हा पेट स्कॅनची मदत होते. अल्झायमरची डोनेपेझिलसारखी औषधं इथे उपयोगी पडत नाहीत, काहींचं वागणं त्यांनी बिघडतं. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांनी आवेग थोडा कमी होऊ शकतो.

समजावून सांगण्यात, लाज काढण्यात शक्ती घालवू नका. परिणाम तोलणारा भागच कमी चालत असेल तर ते शब्द पोचत नाहीत. गोडाचे डबे घरात ठेवूच नका, रक्तातल्या साखरेची नोंद रोज करा, समारंभाला न्यायचं तर तासाभरासाठी आणि कोणीतरी सोबत राहून. एटीएम कार्ड आणि दागिन्यांची किल्ली आताच दुसऱ्याकडे द्या.